निवृत्तांच्या संघटनेतली गळती कशी थांबवायची? ठाणे-नवी मुंबईतल्या पदाधिकाऱ्यांसाठी

सातव्या वेतन आयोगाची थकबाकी राज्य सरकारने पाच वार्षिक हप्त्यांत दिली. हप्ता लांबला की निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या सभांना खुर्च्या कमी पडायच्या आणि खात्यात जमा झाला की त्याच सभेला चहा उरायचा. ३० जूनला निवृत्त झालेल्यांच्या १ जुलैच्या काल्पनिक (निवृत्तीवेतन ठरवताना कागदोपत्री धरायच्या) वेतनवाढीचंही तेच. अर्जाचा नमुना मिळेपर्यंत माणसं आली, नंतर दिसली नाहीत.

त्यांना कृतघ्न म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण संघटनेनेच त्यांना एका कामापुरतं बोलावलं होतं. काम झालं, ते गेले. सभासद वर्षानुवर्षं टिकतो तो त्याच्या पुढच्या तारखा त्याच्याआधी संघटनेला माहीत असतात तेव्हा. बाकीची सगळी खटपट, म्हणजे सहली, सत्कार, तिळगूळ, या कामावर बेतलेली असली तरच उपयोगी पडते.

आधी यादी साफ करा

बहुतेक संघटनांची सभासद यादी फुगलेली असते. तीत दिवंगत असतात, पुण्याला मुलाकडे गेलेले असतात, दोनदा नोंदलेले असतात, आणि लँडलाइन क्रमांक तर असतातच. ‘आमचे सहाशे सभासद’ असं व्यासपीठावरून सांगायला बरं वाटतं, पण त्यातल्या किती जणांशी गेल्या वर्षभरात कुणी बोललं, हे विचारलं की सचिव कोषाध्यक्षांकडे बघतात.

यादी विभागवार तोडा. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कोपरी, कळवा, घोडबंदर. नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर आणि पुढे खारघर, कामोठे, पनवेल. प्रत्येक विभागाला एक प्रतिनिधी आणि त्याच्याकडे पंचवीस-तीसच नावं. याहून जास्त दिलीत तर तो फोन करणार नाही, संदेश पाठवून मोकळा होईल. प्रतिनिधीने महिन्याभरात प्रत्येक नावाला प्रत्यक्ष फोन करायचा आणि समोर चारपैकी एक शेरा लिहायचा: वर्गणी भरतो आणि येतो, भरतो पण येत नाही, येतो पण भरत नाही, दोन्ही नाही.

दुसऱ्या गटाकडे सर्वांत आधी लक्ष द्या, कारण तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. पैसे येत असतात म्हणून कुणी चौकशी करत नाही. यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे गेलेले असतात, कुणाची पत्नी आजारी असते, कुणाला संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. पुढे एखाद्या वर्षी ते गुपचूप भरणंही थांबवतात आणि आपण त्यांना ‘थकबाकीदार’ लिहितो.

यादी साफ करताना नवी मुंबईत एक नोंद विसरू नका: सभासदाचं निवृत्तीवेतन कुठून निघतं. राहायला सगळे शेजारी असले तरी कागद वेगवेगळ्या टेबलांवर असतात. मंत्रालयातून किंवा मुंबईतल्या कार्यालयांतून निवृत्त झालेल्या अनेकांचं निवृत्तीवेतन मुंबईच्या अधिदान व लेखा कार्यालयातून निघतं. ठाणे जिल्ह्यातल्यांचं ठाण्याच्या कोषागारातून. खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे तिथल्यांची वारी अलिबागला. केंद्राचे, रेल्वेचे, टपाल खात्याचे आणखी वेगळे. ‘कोषागारात जाऊन या’ एवढाच सल्ला देणारी संघटना बेलापूरच्या माणसाला ठाण्याला पाठवते आणि त्याचा कागद असतो वांद्र्याला. असा एक फेरा फुकट गेला की तो माणूस पुन्हा विचारायला येत नाही.

प्रत्येकाचं दुसरं सेवापुस्तक

नोकरीत असताना वेतनवाढीची तारीख, रजा, बढती यांची नोंद आस्थापना शाखा सेवापुस्तकात ठेवायची. निवृत्तीनंतर ती शाखा सुटते, तारखा मात्र संपत नाहीत. संघटनेने ही आस्थापना शाखा व्हायचं. प्रत्येक सभासदासाठी एक पान, वहीत किंवा एक्सेलमध्ये, आणि त्यावर या नोंदी:

- जन्मतारीख. केंद्राच्या निवृत्तांना ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तीवेतनाच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. वाढ वाढदिवसाच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होते. राज्याच्या निवृत्तांसाठी वित्त विभागाचा ताजा शासन निर्णय फाईलला लावून ठेवा.
- अंशराशीकरणाची तारीख. निवृत्त होताना ज्यांनी निवृत्तीवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, त्यांची कपात १५ वर्षांनी थांबते आणि पूर्ण निवृत्तीवेतन सुरू होतं. २०११ मध्ये रक्कम घेतलेल्यांचं हे २०२६ मध्ये येतं. आपोआप होईल असं धरून बसू नका, अर्ज महिनाभर आधी तयार ठेवा.
- पती किंवा पत्नीचं नाव आणि जन्मतारीख, निवृत्तीवेतन आदेशात (पीपीओ) आहे तशी. आधार कार्डावर ‘सुनंदा’ आणि आदेशात माहेरचं नाव, ही गोष्ट सभासद हयात असताना निस्तरली तर एका अर्जाचं काम असतं. नंतर तीच विधवेला सहा महिने फिरवते. जन्मतारीख नसेल तर ऐंशीनंतरची वाढ अडकते, ते वेगळंच.
- निवृत्तीवेतनाचं खातं एकट्याचं की जोडीदारासह.
- घरात फोन उचलणारी दुसरी व्यक्ती: मुलगा, सून, शेजारी.

हे पान भरायला सभासदाकडे जावं लागतं आणि तिथेच निम्मं काम होतं. निवृत्तीवेतन आदेश कपाटातून निघतो, काकूंना पहिल्यांदा कळतं की असा काही कागद आहे. मी तर म्हणेन, नवीन माणूस सभासद होतो तेव्हा पावती फाडायच्या आधी हे पान भरा.

मग वर्षाच्या सुरुवातीला येत्या बारा महिन्यांत कुणाच्या कुठल्या तारखा येतात त्याची महिनावार यादी काढा. तीन-चारशे सभासद असले तर दर महिन्याला मोजकीच नावं निघतात, दोन माणसांना झेपण्यासारखी. ‘काका, पुढच्या महिन्यात तुमची कपात थांबायला हवी, अर्ज लिहून ठेवलाय, सही करायला कधी येऊ?’ हा एक फोन वार्षिक अहवालाच्या चाळीस पानांपेक्षा जास्त टिकतो.

एक कडक नियम मात्र पाळा. आधार क्रमांक, बँक खातं, निवृत्तीवेतन आदेशाचा क्रमांक यांची यादी कधीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही आणि छापील सभासद सूचीत घ्यायची नाही. ज्येष्ठांना फोन करून ‘हयातीचा दाखला राहिलाय, ओटीपी सांगा’ म्हणणारे भामटे अशाच याद्यांच्या शोधात असतात. ही पानं दोघांच्याच ताब्यात ठेवा.

नोव्हेंबर

वर्षात एकच कार्यक्रम करायची ताकद असेल तर तो हयातीच्या दाखल्याचा, म्हणजे निवृत्तीवेतन चालू राहावं म्हणून दर नोव्हेंबरात द्यायच्या जिवंत असल्याच्या पुराव्याचा करा. राज्याच्या निवृत्तांना बँकेत यादीवर सही करायची असते. डिजिटल दाखल्याची जीवन प्रमाण सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. हा बदल मोठा आहे, कारण सत्तरीनंतर बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते घेत नाही. केंद्राच्या ऐंशी पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत उभं करू नका.

शिबिरासाठी लागतं ते एवढंच: दोन-तीन अँड्रॉइड फोन, त्यांत जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप, चांगला उजेड, मागे साधी भिंत. सभासदाने आणायचं: आधार क्रमांक, निवृत्तीवेतन आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक आणि चालू मोबाईल. काम करायला नातवंडांच्या वयाची दोन मुलं बोलवा, पण ओटीपी सभासदाच्या हातातल्या फोनवर त्यानेच वाचावा.

शिबिर संपलं की पदाधिकारी फोटो काढून घरी जातात आणि खरं काम राहून जातं. दाखला काढला म्हणजे तो स्वीकारला गेला असं नसतं. आदेश क्रमांकात एक आकडा चुकला किंवा वाटप करणारं कार्यालय चुकीचं निवडलं तर तो नाकारला जातो आणि सभासदाला ते कळतं पुढे, निवृत्तीवेतन थांबल्यावर. म्हणून प्रत्येकाच्या दाखल्याचा प्रमाण क्रमांक लिहून घ्या, आठवड्याने स्थिती तपासा आणि नाकारलेल्यांना ३० तारखेच्या आत परत बोलवा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी विभाग प्रतिनिधीने फोन घेऊन जायचं. या एका घरभेटीची बातमी त्या सोसायटीतल्या सगळ्या निवृत्तांपर्यंत पोहोचते.

३१ मे आणि नंतरचं वर्ष

आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख सढळ हाताने वाटली. म्हणून ३१ मे रोजी कार्यालयंच्या कार्यालयं रिकामी होतात. नवे सभासद याच सुमारास मिळतात आणि वर्षभरात निसटतातही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस स्वतःला म्हातारा समजत नाही, आणि तो म्हातारा नसतोच. त्याला ‘ज्येष्ठांचा सत्कार’ नको असतो. त्याला उपदान (ग्रॅच्युइटी) आलं का, रजेचे पैसे कुठे अडकले, महालेखापालांकडून आदेश निघाला का, हे हवं असतं. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत त्याच्यामागे एक जोडीदार लावा, शक्यतो त्याच खात्यातला, दोन-तीन वर्षं आधी निवृत्त झालेला. आणि वर्षाच्या आत त्यालाच काम द्या. ज्याने लेखा शाखेत तीस वर्षं काढली त्याला संघटनेचे हिशेब तपासू द्या, तलाठ्याला विभागवार यादी द्या, शिक्षिकेला पत्रव्यवहार द्या. नुसतं टाळ्या वाजवायला बोलावलेला साठीचा माणूस तिसऱ्या सभेला घरीच बसतो.

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले आता निवृत्त होऊ लागले आहेत. त्यांचे प्रश्न वेगळे: राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेतली जमा, खरेदी केलेली वार्षिकी (त्या जमेतून मिळणारं ठरावीक निवृत्तीवेतन), महागाई वाढीचा अभाव. सभेत दोन तास जुन्या योजनेच्या महागाई भत्त्यावर बोलणं झालं तर हा माणूस मागच्या रांगेतून उठून जातो. त्यांच्यातलाच एक जण कार्यकारिणीत घ्या. येत्या दहा-पंधरा वर्षांत बहुमत त्यांचंच होणार आहे.

साहेब, रांग आणि माईक

गळतीचं हे कारण कुणी लिहून देत नाही. सभेत पहिल्या रांगेत माजी वर्ग एक अधिकारी बसतात, माईक त्यांच्याकडेच फिरतो आणि नोकरीत ज्याने पस्तीस वर्षं चहा आणून दिला तो इथेही उठून चहा वाटायला लागतो. दोन-तीनदा वाटतो, मग येणं थांबवतो. विचारलं तर ‘वेळ नाही मिळाला’ म्हणतो.

उपाय छोटे आहेत पण आग्रहाने करावे लागतात. नावाच्या बिल्ल्यावर जुनं पद छापू नका, विभाग छापा: नेरुळ, कळवा. व्यासपीठ टाळा, खुर्च्या गोलाकार मांडा. सभेच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं प्रश्नांना द्या आणि पहिला प्रश्न कायम नवीन किंवा कधी न बोललेल्या माणसाला. चहा बाहेरून सांगा. वाहनचालक, परिचर, शिपाई, परिचारिका यांच्यातून निदान दोन पदाधिकारी हवेतच, आणि त्यांना सह्यांचे अधिकार हवेत. ‘सदस्य’ म्हणून शेवटी नाव छापणं पुरेसं नाही.

बायकांची गळती वेगळ्या वेळेची असते. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, लिपिक यांच्यावर दुपारी नातवंडांच्या शाळेच्या बसची जबाबदारी असते. सभा सहाला ठेवली तर स्वयंपाक, चारला ठेवली तर बस. अकराची सभा बहुतेकींना जमते. त्यांनाच विचारा.

सभा कुठे आणि कधी

थोडक्यात: तळमजला किंवा चालणारी लिफ्ट, जवळ स्वच्छतागृह, स्टेशनपासून रिक्षा मिळेल अशी जागा. ठाणे आणि नवी मुंबई अशी एकच संघटना असेल तर सभा आलटून पालटून घ्या, नाहीतर घोडबंदरचे लोक वाशीला येणार नाहीत आणि नेरुळचे ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीला भिऊन ठाण्याला. साडेदहा-अकरानंतर गाड्यांची गर्दी ओसरते, एकच्या आत माणसं घरी जेवायला पोहोचतात. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सभा घेऊ नका, विभागात छोट्या बैठका करा. नवी मुंबई महापालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रं त्यासाठी सोयीची पडतात.

सहलीला खासगी बसच हवी असं नाही. एसटीत ७५ वर्षांवरील सर्वांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि महिलांना अर्धं तिकीट. खोपटहून सकाळची गाडी धरून पंधरा जणांचा गट सहज निघतो. ज्यांना सहलीचे दीड-दोन हजार जड जातात आणि तसं सांगता येत नाही, ते अशा वेळी येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर

दोन गट करा. एकात फक्त पदाधिकारी लिहितील: शासन निर्णय, सभा, निधनवार्ता. दुसऱ्यात सुप्रभात, फुलं, राजकारण, जे हवं ते. एकाच गटात सगळं ठेवलं की माणसं आवाज बंद करतात आणि महत्त्वाची सूचना देवांच्या फोटोंखाली गाडली जाते.

‘महागाई भत्ता वाढला’ असं पत्र कुठूनही आलं तरी ते तपासल्याशिवाय पहिल्या गटात टाकायचं नाही. राज्याच्या प्रत्येक शासन निर्णयावर संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि हे काम एकाच माणसाकडे द्या. जिथली बातमी खरी निघते तिथे माणूस थांबतो. आणि हेही लक्षात असू द्या: ऐंशीच्या पुढच्या अनेकांकडे स्मार्टफोन नसतो. त्यांना फोनच.

वर्गणी

आजीव सभासदत्वाचा मोह सगळ्यांना पडतो. एकदम पैसे येतात, दरवर्षी मागावं लागत नाही. पण दरवर्षी मागावं लागत नाही म्हणूनच वर्षानुवर्षं बोलणं होत नाही. आजीव ठेवायचं तर ती रक्कम कायम ठेवीत घाला, व्याजच वापरा, आणि आजीव सभासदालाही एप्रिलमध्ये पान अद्ययावत करायला फोन करा.

वार्षिक वर्गणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागा, निवृत्तीवेतन जमा झालेलं असतं. क्यूआर कोड संघटनेच्याच खात्याचा हवा, कोषाध्यक्षांच्या खात्याचा चालणार नाही. रोख घेतली तर पावती तिथल्या तिथे.

थकबाकीबद्दल कायदा माहीत असू द्या. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर त्या व्यक्तीला मतदान करता येत नाही, सभासद म्हणून मोजताही येत नाही. काही सचिव निवडणुकीच्या तोंडावर हे कलम काढतात आणि विरोधी गटाची नावं गाळतात. त्यातून संघटना फुटतात. म्हणून थकबाकीची यादी निवडणुकीच्या सहा महिने आधी विभाग प्रतिनिधींकडे द्या आणि प्रत्येकाला दोनदा फोन झाल्याची नोंद ठेवा.

काका गेल्यावर काकू

सर्वांत मोठी गळती मृत्यूमुळे होते, आणि ती अटळ असल्यासारखी आपण नाव खोडून टाकतो. पण त्या घरात कुटुंब निवृत्तीवेतनधारक उरलेल्या असतात आणि संघटनेची खरी गरज त्यांनाच असते. तेरा दिवस नुसती भेट घ्या, कागदांचं बोलू नका. त्यानंतर एका बाई प्रतिनिधीने जाऊन मृत्यूचा दाखला, निवृत्तीवेतन आदेश, खातं, ओळखपत्रं पाहावीत आणि अर्ज स्वतः भरून द्यावा. सेवापुस्तकाचं ते पान आधी भरलेलं असेल तर हे काम एका दुपारचं आहे.

त्यांना ‘सहयोगी’ वगैरे दुय्यम दर्जा देऊ नका, पूर्ण मताधिकार द्या. संघटनेच्या घटनेत तशी तरतूद नसेल तर सर्वसाधारण सभेत दुरुस्ती करून घ्या.

गेलेल्यांना फोन

चौथ्या गटातल्या, म्हणजे न येणाऱ्या न भरणाऱ्या माणसाला फोन करताना वर्गणीचा विषय पहिल्या फोनला काढूच नका. ‘नमस्कार काका, संघटनेतून बोलतोय. वर्गणीसाठी फोन नाही. तब्येत कशी आहे आणि निवृत्तीवेतनाचं काही अडलंय का, एवढंच विचारायचं होतं.’ मग गप्प बसा. समोरचा बहुतेक वेळा जुनी तक्रार काढतो: अमक्या साली अर्ज दिला, कुणी उत्तर दिलं नाही. वाद घालू नका, लिहून घ्या, आठवड्यात उत्तर द्या, उत्तर ‘होणार नाही’ असलं तरी. ज्यांच्याशी भांडण झालं त्याच पदाधिकाऱ्याने फोन करू नये.

काही जण परत येणार नाहीत. दोन फोन, एक भेट, आणि मग थांबा.

खुर्ची सोडणं

पंधरा वर्षं एकच अध्यक्ष आणि एकच सचिव असलेल्या संघटनेत सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात असते. तो आजारी पडला की संघटनाही पडते. दोन कार्यकाळांनंतर पद सोडायचं असं घटनेत लिहा. नवी कार्यकारिणी निवडून आली की पदाधिकारी बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेला पाहिजे. तो रेंगाळला की बँक नव्या सह्या घेताना खळखळ करते आणि नव्या लोकांचं पहिलं वर्ष जुन्यांच्या सह्या गोळा करण्यात जातं. कार्यभार सोपवताना पासबुक आणि शिक्क्याबरोबर सभासदांची पानं आणि येत्या बारा महिन्यांची तारीखवार यादी सहीनिशी द्या, आणि जुन्या सचिवांनी नव्यांसोबत पहिल्या नोव्हेंबरच्या शिबिराला बसावं.